तुझं अक्षर कसं आहे? सांगली-साताऱ्यातून फॉरेन्सिकच्या कामात येऊ बघणाऱ्यांसाठी

बारावीचा निकाल लागला की आमच्या विश्रामबागेतल्या घरी एखादं तरी कुटुंब येतंच. वडील, आई आणि मागे अंग चोरून उभी मुलगी. "मॅडम, हिला फॉरेन्सिकमध्ये जायचंय." मुलीच्या डोक्यात निळा लाइट आणि पांढरा कोट असतो, ते तिच्या चेहऱ्यावरच दिसतं. मी पहिला प्रश्न विचारते, "तुझं अक्षर कसं आहे?" वडिलांना वाटतं, मी चेष्टा करतेय.

घटनास्थळाच्या कामात मी सोळा वर्षं काढली. हिशेब मांडला तर त्यातली निम्मी वर्षं लिहिण्यात गेली असतील. पाकिटावर, लेबलवर, नोंदवहीत, कधी गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून, कधी टॉर्च तोंडात धरून. चार वर्षांनी कोर्टात उभं राहिल्यावर वाचवतं ते हे अक्षर. म्हणून खाली जे सांगणार आहे त्यात यंत्रांपेक्षा कागद जास्त येईल. त्याला माझा इलाज नाही.

आधी हे काम कुणाचं, ते समजून घ्या

आपल्याकडे 'क्राइम सीन इन्व्हेस्टिगेटर' नावाची एकच खुर्ची नाही. एका खुनाच्या जागेवर पाच-सहा वेगवेगळी माणसं येतात आणि प्रत्येकाचा साहेब वेगळा असतो. गुन्ह्याचा मालक तपासी अंमलदार, म्हणजे ठाण्याचा पीएसआय, एपीआय किंवा पीआय. बोटांचे ठसे उचलणारे फिंगरप्रिंटवाले वेगळे, श्वान पथक वेगळं, फोटोग्राफर बऱ्याचदा वेगळा. रासायनिक आणि जैविक नमुन्यांसाठी फिरतं न्यायवैद्यक पथक. मयताचं शवविच्छेदन करणारे डॉक्टर सांगलीच्या सिव्हिलला किंवा मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात. आणि या सगळ्यांनी गोळा केलेलं तपासणारे प्रयोगशाळेतले लोक, जे जागेवर बहुधा येतच नाहीत. आपल्याला जवळची प्रादेशिक प्रयोगशाळा कोल्हापूरची. काही नमुने पुण्याला, काही मुंबईत कालिन्याला जातात. कोणता नमुना कुठे पाठवायचा हे मुद्देमाल सांभाळणाऱ्या हवालदार काकांना तोंडपाठ असतं. त्यांच्याशी गोडीत राहा.

पोलीस ठाण्यात आजही प्रयोगशाळेच्या अहवालाला 'सीए रिपोर्ट'च म्हणतात. केमिकल अॅनलायझर, म्हणजे रासायनिक विश्लेषक, या जुन्या पदावरून आलेलं हे नाव.

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि या कामाचं वजन वाढलं. तिच्या कलम १७६ मधल्या पोटकलम ३ प्रमाणे सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने जागेवर जाऊन पुरावा गोळा करायचा आणि त्या कामाचं चित्रीकरणही करायचं. राज्यांना ही व्यवस्था उभी करायला पाच वर्षांपर्यंत मुदत दिली आहे. कलम १०५ मुळे झडती आणि जप्तीचं दृकश्राव्य चित्रीकरणही आलं. त्यासाठी ई-साक्ष्य हे अॅप वापरतात. पूर्वी मोठ्या गुन्ह्यातच पथकाला बोलावणं यायचं, आता घरफोडीलाही येतं. नोकरीच्या दृष्टीने बघणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

शिक्षण: वाट एकच नाही

हा भाग थोडक्यात उरकते, कारण जाहिराती आणि अटी बदलत राहतात.

प्रयोगशाळेच्या बाजूने यायचं तर विज्ञानाची पदवी हवी. राज्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा संचालनालयात वैज्ञानिक सहायक, सहायक रासायनिक विश्लेषक अशी पदं असतात. फॉरेन्सिक सायन्सची वेगळी पदवी देणाऱ्या शासकीय संस्था मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. गांधीनगरचं राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठ २०२० च्या केंद्रीय कायद्याने झालं. पुढे प्राध्यापकी करायची असेल तर नेट परीक्षेत फॉरेन्सिक सायन्स हा विषय आहे.

माझं मत विचाराल, तर सांगली, साताऱ्यात किंवा इस्लामपुरात साधी केमिस्ट्रीची बीएस्सी करून मग एमएस्सीला फॉरेन्सिक घेतलेली मुलं मला जास्त पक्की वाटली. नुसतं 'फॉरेन्सिक' लिहिलेल्या पदवीपेक्षा केमिस्ट्रीला जास्त दरवाजे उघडतात. खासगी कॉलेजात प्रवेश घेण्याआधी एकदा जाऊन प्रयोगशाळा दाखवा म्हणा. कंपॅरिझन मायक्रोस्कोप, म्हणजे दोन नमुने शेजारी-शेजारी ठेवून बघायचा सूक्ष्मदर्शक, कुठे आहे विचारा. कुलूपबंद खोलीची चावी सापडत नसेल तर घरी परत या.

पोलिसांच्या बाजूने यायचं तर महाराष्ट्र लोकसेवा आयोगामार्फत पीएसआय आणि मग नाशिकच्या पोलीस अकादमीत प्रशिक्षण. शिपाई म्हणून भरती झालात तरी वाट बंद होत नाही. तासगाव तालुक्यातल्या तुरचीच्या पोलीस प्रशिक्षण केंद्रातून बाहेर पडलेली, आज घटनास्थळ नजरेने वाचणारी माणसं मला माहीत आहेत. ठशांच्या कामासाठी केंद्रीय अंगुली मुद्रा केंद्राची अखिल भारतीय तज्ज्ञ परीक्षा असते, ती पास झाल्यावरच तुमच्या मताला तज्ज्ञाचं मोल. या विद्येचं माहेर आपलंच, हेही जाता जाता सांगते. जगातलं पहिलं अंगुली मुद्रा केंद्र १८९७ साली कलकत्त्यात निघालं. 'हेन्री पद्धत' म्हणून जी शिकवतात, तिचं गणित मांडलं ते अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघा फौजदारांनी. नाव मात्र साहेबाचं लागलं.

पिशवीत काय असावं

नवीन मुलं आधी पावडर आणि ब्रशबद्दल विचारतात. मी आधी पाकिटं मोजते. तीन आकारांची खाकी कागदी पाकिटं, मोठ्या कागदी पिशव्या, लेबलं, दोरा, लाख, मेणबत्ती, काडेपेटी, पितळी मोहर. न पुसणारी शाई असलेली तीन पेनं, कारण एक हरवतं आणि एक पंच घेऊन जातो. नायट्राइल हातमोज्यांचा अख्खा डबा, कारण प्रत्येक वस्तूगणिक जोडी बदलायची असते. मास्क, केसांची टोपी, बुटांवरची कव्हरं. निर्जंतुक कापसाचे स्वॅब, डिस्टिल्ड वॉटरच्या लहान कुप्या, गॉज, एकदाच वापरायची ब्लेडं, चिमटे. तीस मीटरचा टेप आणि लहान टेप. कंपास. नंबरचे पिवळे मार्कर. फोटोसाठी काटकोनी पट्टी. दोन टॉर्च.

ठशांसाठी काळी आणि रुपेरी पावडर, मॅग्नेटिक पावडर व तिची कांडी, मऊ केसांचा ब्रश, उचलायची पारदर्शक टेप, कार्ड. पावसाळ्यात पावडरच्या गुठळ्या होतात, म्हणून डबीत सिलिका जेलची पुडी ठेवा. ओल्या पृष्ठभागावर कोरडी पावडर चालत नाही, तिथे मॉलिब्डेनम डायसल्फाइडचं द्रावण फवारतात. कागदावरच्या ठशांना जागेवर हातही लावू नका. तो कागद तसाच पाकिटात घालून पाठवा. प्रयोगशाळेत निनहायड्रिन लावलं की घामातल्या अमिनो आम्लांमुळे ठसा जांभळा उमटतो.

पायाच्या ठशांसाठी डेन्टल स्टोन, म्हणजे दाताचे डॉक्टर साच्यांना वापरतात ती पावडर. साधं प्लास्टर ऑफ पॅरिसही चालतं, पण ते ठिसूळ. किलोभर डेन्टल स्टोनला साडेतीनशे-चारशे मिली पाणी, धिरड्याच्या पिठाइतकं सैल. ते ठशावर धबाधबा ओतायचं नाही. ठशाच्या बाजूला ओतून आत वाहू द्यायचं.

निळ्या लाइटचं थोडं सांगते, नाहीतर मुली नाराज होतात. साडेचारशे नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश आणि डोळ्यांवर नारिंगी चष्मा, एवढ्यावर वीर्य, लाळ असे डाग चमकतात. पण धुण्याच्या पावडरीनेही कपडा चमकतो. लाइट फक्त कुठे बघायचं ते सांगतो.

या पिशवीत मी खडीसाखर, पाण्याची बाटली आणि गुडघ्यापर्यंतचे गमबूटही ठेवायचे. उसात शिरताना गमबुटाची किंमत कळते.

जागेवर: उसाच्या फडातलं एक काम

नियम पाठ करण्यापेक्षा एका जागेवरून समजून घ्या. समजा मिरज तालुक्यातल्या एका गावात उसाच्या फडात मृतदेह सापडला. पहाटे पाणी पाजायला गेलेल्या माणसाने पाहिला. तुम्ही पोचेपर्यंत बांधावर पन्नास माणसं जमलेली असतात, त्यातली दहा आत जाऊन आलेली. कुणीतरी मयताच्या अंगावर चादर टाकलेली असते. माणुसकी म्हणून टाकतात, त्यांना रागावू नका. पण ती चादर आता पुराव्याचा भाग झाली. चादरीवरचे धागे आणि केस मयताच्या अंगावर आले, अंगावरचे चादरीवर गेले. १९१० मध्ये फ्रान्समधल्या लिआँ शहरात पोलीस प्रयोगशाळा सुरू करणाऱ्या एडमंड लोकार यांचं म्हणणं हेच होतं: दोन गोष्टी एकमेकांना लागल्या की काहीतरी इकडचं तिकडे जातंच. चादर कुणाच्या घरची, कुणी आणली, कधी टाकली, लिहून घ्या.

पहिलं काम, हात खिशात घालून उभं राहणं. खरंच सांगते. पाच मिनिटं काहीही उचलायचं नाही. वारा कुठून येतोय, पाट सुरू आहे का, पाणी कोणत्या सरीत चढतंय, हे बघायचं. पाणी सुरू असेल तर मोटर बंद करायला सांगणं हेच तुमचं सगळ्यात मोठं काम ठरतं, कारण तासाभरात सरीतले पायाचे ठसे धुऊन जातात. मोटर कोणी, किती वाजता बंद केली, तेही लिहा.

मग आत जायची एकच वाट ठरवा. मारेकरी ज्या सरीने आला असेल असं वाटतं ती सोडून दुसरी सरी निवडा, दोरी बांधा आणि साहेबांपासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना त्याच वाटेने न्या. इथे भिडस्तपणा चालत नाही. एकदा मी एका मोठ्या अधिकाऱ्यांना म्हणाले, "साहेब, तुमच्या बुटाचा ठसा घ्यावा लागेल, आत्ता तुम्ही तिकडून आलात." ते हसले आणि बूट पुढे केला. सगळेच हसत नाहीत.

त्यानंतर फोटो. आधी लांबून, चारही दिशांनी, बांध, विहीर, रस्ता दिसेल असे. मग मधल्या अंतरावरून, एक वस्तू दुसरीच्या संदर्भात दिसेल असे. मग जवळून, आधी पट्टीशिवाय आणि मग पट्टी ठेवून. जवळचा फोटो काढताना कॅमेरा वस्तूच्या बरोबर वर, काटकोनात हवा. पायाच्या ठशाला मात्र प्रकाश बाजूने, जमिनीलगत द्या, म्हणजे खाचा उठून दिसतात. काळ्या ओल्या मातीत चपलेचा ठसा असा सुरेख उमटतो की झिजलेल्या टाचेचा कोपरासुद्धा मोजता येतो. फोटो झाल्यावरच साचा. अर्धा तास सुकू द्या, बाजूची माती ब्लेडने सोडवून मग उचला आणि लगेच धुवायला जाऊ नका. घट्ट व्हायला दीड-दोन दिवस द्या.

नकाशा हाताने काढा. कॅमेरा अंतर सांगत नाही. दोन पक्के बिंदू धरा आणि प्रत्येक वस्तू दोन्हींपासून मोजा. बिंदू असा निवडा, जो पाच वर्षांनी कोर्टाने जागा बघायची ठरवली तर तिथेच असेल. ऊस तोडला जातो, बांध सरकतो (आपल्याकडे तर रात्रीतून सरकतो), झाड पडतं. विहिरीचा कठडा, गट नंबर कोरलेला हद्दीचा दगड, क्रमांक लिहिलेला विजेचा खांब, असं काही धरा. उत्तर दिशेचा बाण विसरू नका.

शोध घेताना सऱ्या आपोआप पट्ट्या देतात, हे उसाचं एक चांगलं. एकेका सरीत एकेक माणूस, सगळे एका रेषेत, सावकाश. पाचट हाताने उलटू नका, काठीने उचला. त्याखाली विंचूही असतो आणि काडतुसाची पुंगळीही. बंदूक, पिस्तूल सापडलं तर नळीत पेन किंवा काडी घालून उचलायचं नाही, सिनेमात काहीही दाखवू देत. आतल्या खुणा त्याने बिघडतात.

मयताला हलवण्याआधी दोन्ही हातांना कागदी पिशव्या बांधा. नखांखाली कुणाची कातडी असू शकते. वाटेत ती गळून जायला नको.

पंचनामा लिहिताना शब्द जपून. जुने हवालदार 'सोन्याचं मंगळसूत्र' असं कधी लिहीत नाहीत, 'पिवळ्या धातूचं मंगळसूत्र' लिहितात. शाळेत आपण याला हसलो असू, पण यात शहाणपण आहे. सोनं आहे हे सोनाराने सांगायचं. तसंच 'रक्ताचे डाग' न लिहिता 'रक्तासारखे दिसणारे तांबडे डाग'. तुम्ही डोळ्यांनी जेवढं पाहिलं तेवढंच लिहा. सुरू केल्याची वेळ, संपल्याची वेळ, दोन पंचांच्या सह्या. उजेड कशाचा होता, तेही लिहा. रात्री सव्वादोनला 'स्पष्ट दिसले' असं लिहिलंत तर वकील पहिला प्रश्न हाच विचारतील: कशाच्या उजेडात?

रक्त, हळद आणि माझी चूक

माझं पहिलं वर्ष. एका घरातून रक्ताने भिजलेली साडी घेतली. रक्त गाडीत सांडू नये म्हणून मी ती जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली, तोंड पक्कं बांधलं, सील केलं. स्वतःवर खूष होते. मे महिना होता, मधे सुट्ट्या आल्या, साडी आठ दिवस तशीच राहिली. पुढे अहवाल आला: नमुना कुजल्यामुळे निष्कर्ष देता येत नाही. एका ओळीचा कागद होता. आमच्या वरिष्ठ बाई रागावल्या नाहीत. त्यांनी कपाटातून एक खाकी पाकीट काढलं, माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "हे श्वास घेतं. प्लॅस्टिक घेत नाही."

म्हणून ओला कपडा आधी सावलीत वाळवायचा. उन्हात नको, उन्हाने डीएनए खराब होतो. खाली स्वच्छ कागद अंथरायचा आणि त्यावर जे गळेल तो कागदसुद्धा घडी करून सोबत पाठवायचा. दोन कपडे एकत्र वाळवायचे नाहीत. कपड्याची घडी घालताना डागावर डाग येऊ नये म्हणून मधे कागद. भिंतीवरचा वाळलेला डाग स्वॅबवर घेताना एक थेंब डिस्टिल्ड वॉटर पुरतं. शेजारच्या स्वच्छ भागाचाही एक स्वॅब वेगळा घ्या, तुलनेसाठी.

जळिताचं बरोबर उलटं. पेट्रोल-रॉकेल शिंपडल्याचा संशय असेल तर राख आणि कपडे हवाबंद पत्र्याच्या डब्यात किंवा काचेच्या बरणीत ठेवायचे. कागदी पाकिटातून वाफ उडून जाते, साध्या प्लॅस्टिकमधूनही निसटते. वास गेला की पुरावा गेला.

आता हळद. सांगलीत राहून हिच्यावर न बोलणं शक्य नाही. जागेवर लाल डाग रक्ताचा असावा का, हे बघायला कॅसल-मेयर चाचणी वापरतात. स्वॅबवर डाग घ्यायचा, एक थेंब अल्कोहोल, मग फिनॉल्फ्थॅलीनचं द्रावण, मग हायड्रोजन पेरॉक्साइड. पेरॉक्साइड पडताच गुलाबी रंग उठला तर रक्त असण्याची शक्यता. यातली मेख अशी की ते द्रावण अल्कधर्मी असतं, आणि हळद अल्कधर्मी पदार्थाला लागली की तांबडी होते. आपल्या आज्या हळदीत चुना घालून कुंकू करायच्या ते याच गुणावर. हळदीच्या पेठेतल्या एखाद्या गोदामात, किंवा हळदीच्या कार्यक्रमानंतरच्या घरात, दुसऱ्या थेंबालाच स्वॅब लाल होतो आणि नवखा मुलगा ओरडतो, "मॅडम, पॉझिटिव्ह!" पेरॉक्साइडच्या आधी रंग आला तर ती चाचणी बाद. आणि अर्ध्या-एक मिनिटानंतर आलेला गुलाबीपणाही धरायचा नाही, हवेनेच द्रावण गुलाबी होतं. साबणाने धुतलेल्या साडीवरचा हळदीचा डाग लाल दिसतो, पानाची पिचकारीही लाल दिसते. रक्त माणसाचं की बोकडाचं, हे तर या चाचणीतून कळतच नाही. ते प्रयोगशाळेने सांगायचं.

तासगाव, पलूस भागात द्राक्षबागांमुळे औषधांच्या बाटल्या घरोघर. विषबाधेच्या जागेवर बाटली सापडली की झाकण उघडून वास घेण्याचा मोह आवरा. बाटली उभी ठेवा, लेबलचा फोटो घ्या, झाकण नसेल तर तोंड बंद करून वेगळ्या डब्यात. शवविच्छेदनात काढलेला व्हिसेरा, म्हणजे तपासणीसाठी काढलेले आतले अवयव, संपृक्त मिठाच्या पाण्यात जातो. ते डॉक्टरांचं काम, पण बरणीवरचं नाव आणि तुमच्या कागदावरचं नाव एकाच स्पेलिंगचं आहे का, हे तुम्ही बघा. एका वेलांटीवरून पार्सल परत आलेलं आहे.

नदी आणि विहीर यांचंही सांगून ठेवते. जुन्या विहिरीत हौसेने उतरू नका, तळाशी हवा कोंडलेली असते. अग्निशमन दलाला बोलवा. औदुंबर, भिलवडीच्या काठाला कृष्णेत मगरी आहेत. काठावर वाकून नमुना घेत असताना एक माणूस फक्त पाण्याकडे बघत उभा हवा. हे कोणत्याच पुस्तकात नाही.

मोबाइल आणि कॅमेरे

बंद मोबाइल सुरू करू नका, सुरू असलेला बंद करू नका. नेटवर्क तोडा, म्हणजे बाहेरून कुणी पुसणार नाही. त्यासाठी सिग्नल अडवणारी फॅरेडे पिशवी, ती नसेल तर एअरप्लेन मोड, आणि कोणी, किती वाजता केला त्याची नोंद. दुकानातल्या कॅमेऱ्याचं फुटेज आजच घ्या. डीव्हीआर भरला की जुनं चित्रण पुसून नवं बसतं, आणि मालकाला बऱ्याचदा ते माहीतही नसतं. डीव्हीआरवरची वेळ आणि तुमच्या घड्याळातली वेळ एका फोटोत पकडा. सतरा मिनिटं पुढे असलेल्या घड्याळाने निरपराध माणूस अडकू शकतो. कॉपीची हॅश व्हॅल्यू काढा, म्हणजे फाइल जराही बदलली तर बदलणारा तिचा आकडा. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडल्याशिवाय हे कोर्टात उभं राहत नाही.

सीलपासून साक्षीपर्यंत

प्रत्येक पाकिटावर गुन्हा नंबर, पोलीस ठाणं, काय घेतलं, कुठून घेतलं, तारीख, वेळ, तुमची सही, पंचांच्या सह्या. मग दोरा, लाख, मोहर. त्या मोहरेचा नमुना वेगळ्या कागदावर उमटवून प्रयोगशाळेच्या पत्रासोबत पाठवायचा, म्हणजे तिकडचा माणूस जुळवून बघेल. पाकीट कोणाच्या हातातून कोणाच्या हातात गेलं, प्रत्येक वेळी सही. मुद्देमालाच्या खोलीत ते किती दिवस होतं, किल्ली कोणाकडे होती. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर मी तर खालच्या फळीवर काही ठेवायचीच नाही.

कोर्टात काय विचारतात? विज्ञान फार कमी. "पाकिटावर दोन शाया कशा?" "मोहर लावली तेव्हा पंच हजर होते का?" "या दोन तारखांच्या मधले चार दिवस मुद्देमाल कुठे होता?" बचावाच्या वकिलांचं ते कामच आहे, मनाला लावून घेऊ नका. आठवत नसेल तर "आठवत नाही, नोंद पाहून सांगते" म्हणा. पंच फितूर होतात, साक्षीदार गावच्या दबावाने फिरतात. तुमच्या पाकिटावरची तारीख फिरत नाही, फक्त ती तेव्हाच्या तेव्हा लिहिलेली हवी. मी एकदा सांगली कोर्टात साडेतीन तास उभी होते, त्यातला पाऊण तास एका खाडाखोडीवर गेला. तेव्हापासून चूक झाली तर गिरवत नाही. एक रेघ मारते, वर बरोबर लिहिते, शेजारी सही आणि तारीख.

घरी काय सांगायचं

रात्रीचे फोन येतात. दिवाळीत येतात, लग्नाच्या मांडवात येतात. घरी आल्यावर कपडे न्हाणीघरातच उतरवायचे, गमबूट बाहेर. वासाची सवय होते, पण लहान मुलाच्या जागेची होत नाही, आणि ज्याला झाली त्याने सुट्टी घ्यावी असं मला वाटतं. अशा कामानंतर मी दोन दिवस घरात बोलत नसे. नंतर पथकातल्या एका मैत्रिणीबरोबर हरिपूरच्या संगमापर्यंत चालत जायची सवय लावली. वाटेत कामाबद्दल बोलायचं किंवा भेळ खायची, दोन्ही चालायचं. ज्यांना याने भागत नाही त्यांनी डॉक्टर गाठावा, त्यात लाज नाही.

मुली म्हणून अडचण येते का, हे आया विचारतात. जागेवर लघवीला जायची सोय नसते, ही खरी अडचण. बाकी, पीडित बाई असेल तर तिला धीर देत नमुने घेताना बाई समोर असली की काम सोपं होतं. ठाण्यातल्यांना हे पहिल्या आठवड्यात कळतं.

आजपासून करता येईल असं

पदवीची वाट बघू नका. घरातला स्टीलचा तांब्या घ्या, कोरडा पुसा, घरातल्या कुणालाही हाताळू द्या. पेन्सिलीचं शिसं बारीक पूड करून मऊ ब्रशने अलगद फिरवा. ब्रशने घासाल तर ठसाच पुसला जाईल, नुसता स्पर्श करा. रेषा दिसू लागल्या की थांबा. पारदर्शक टेप चिकटवा, एका दमात उचला, पांढऱ्या कार्डावर लावा. कार्डामागे कोणता तांब्या, कोणती बाजू, तारीख, वेळ, सही.

दुसरा सराव स्वयंपाकघराचा. आई जेवण करून उठली की आत जा, काहीही न हलवता दारात पाच मिनिटं उभे राहा. मग फोटो, मग दोन पक्के बिंदू धरून मोजमाप, मग पंचनामा. 'चहा' लिहू नका, 'तपकिरी रंगाचं द्रव' लिहा. दुसऱ्या दिवशी तो नकाशा घेऊन परत त्याच दारात उभे राहा आणि काय मोजायचं राहिलं ते लाल पेनने लिहा. माझ्या पहिल्या नकाशात गॅसची शेगडी होती, फ्रिज होता, डाळीचे डबेसुद्धा होते. दार नव्हतं.